सहा टिंबांचा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एक तरी इतिहासाचा लेख असावा असा परिपाठ आहे. गोदाकाठच्या देवळांवर लिहून झाले, महापुरांवर लिहून झाले. यंदा चिटणीसबाईंनी हे काम मजकडे सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढायांवर मी लिहू जाणे बरे दिसणार नाही. ज्या विषयात गेली काही वर्षे माझे डोळे आणि हात गुंतलेले आहेत तोच घेते. तो म्हणजे अंध माणसे बोटांनी वाचतात ती ब्रेल लिपी.

ह्या विषयाशी माझा संबंध कसा, ते आधी सांगते म्हणजे भगिनींना नवल वाटणार नाही. आमच्या धाकट्या भावजींच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. ती शिकण्यासाठी बाहेरगावी राहते आणि सुटीत सायखेड्याला येते. तिच्या पुस्तकांची पाने नीट लावून देण्याच्या निमित्ताने मी ही लिपी डोळ्यांनी वाचावयास शिकले. बोटांनी मला अद्याप येत नाही. कांदे चिरून आणि भाकऱ्या थापून राठ झालेल्या बोटांना ती टिंबे नीट कळत नाहीत. मधुमेहाने ज्यांच्या बोटांची संवेदना गेली आहे त्यांनाही ती कळत नाहीत, म्हणून उतारवयात दृष्टी गेलेल्या आपल्या काही सभासद आजींना ह्या लिपीचा उपयोग होत नाही, हेही येथेच नमूद करते.

आता मूळ कथेकडे वळू. फ्रान्स देशात पॅरिसच्या जवळ कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज करीत असे. लुई तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागेत खेळत होता, तेव्हा चामडे टोचण्याची आरी त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली, आणि पाचव्या वर्षापर्यंत पोर पूर्ण अंध झाले. घरात विळी नि कात्री उघडी राहिली की आपला जीव कसा टांगणीला लागतो, ते आयांना सांगावयास नको.

१८१९ साली त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत घातले. ही शाळा व्हॅलेंटिन हाउई ह्या सद्गृहस्थाने १७८५ च्या सुमारास काढलेली होती. अंध मुलांना शिकविता येते, हेच तोवर कोणाला खरे वाटत नसे. हाउईने जाड कागदावर नेहमीचीच अक्षरे उठावाने छापून पुस्तके केली होती. परंतु ती पुस्तके अतिशय जड होत, एकेक अक्षर बोटाने चाचपताना ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरावी, आणि मुख्य अडचण अशी की मुलाला स्वतः काही लिहिता येत नसे. डोळसांनी आपल्या सोयीची अक्षरे फुगवून अंधांच्या हाती दिली, एवढाच तो प्रकार.

पुढे १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या सैन्यातल्या एका माणसाची पद्धत त्या शाळेत आली. अंधारात दिवा न लावता निरोप वाचता यावा अशी तिची कल्पना होती. तीत बारा टिंबे होती आणि अक्षरांऐवजी उच्चारांच्या खुणा होत्या. टिंबांचा कागदावर उपयोग होतो हे लुईने त्यातून घेतले. परंतु बारा टिंबांची उभी रांग बोटाच्या टोकाखाली मावत नाही आणि उच्चारांवर लिहिले की शुद्धलेखन राहत नाही, हे दोन दोष त्याने ओळखले. बारांची सहा केली, आणि १८२४ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, आजची लिपी बहुतेक तयार केली. १८२९ साली तिचे पुस्तक निघाले. मला ह्यात विशेष वाटते ते असे की, ज्या आरीसारख्या वस्तूने डोळे गेले, तशाच टोचणीने तो कागदावर टिंबे उठवीत होता. आजही ब्रेलच्या पाटीबरोबर जी टोचणी मिळते ती हातात घेतली की चांभाराच्या आरीची आठवण होते.

ही लिपी अशी. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. डावीकडची वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडची ४, ५, ६. कोणते टिंब उठलेले आणि कोणते सपाट, एवढ्यावर अक्षर ठरते. सगळ्या मिळून ६३ आकृती होतात, आणि सहाही सपाट ठेवली की ती मोकळी जागा. रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या बाईला हा हिशेब पाच मिनिटांत समजतो, असा माझा अनुभव आहे.

लुईच्या लिपीला मान मिळण्यास मात्र फार वेळ लागला. १८४० साली शाळेवर आलेल्या द्यूफो नावाच्या मुख्याधिकाऱ्याने ती बंद केली. अंध मुलांनी डोळसांपेक्षा निराळ्या अक्षरांत लिहावे हे त्याला पटले नाही. मुले चोरून लिहीत राहिली. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात ती लोकांसमोर वाचून दाखविण्यात आली आणि मग विरोध मावळला. लुई ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने वारला, तेव्हा तो अवघा ४३ वर्षांचा होता. सरकारी मान्यता त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ साली आली. १८७८ साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत इतर देशांनीही तिचा पुरस्कार केला. १९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, त्याच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये मोठ्या सन्मानाने नेल्या, पण हातांच्या अस्थी कूव्रेच्या लोकांनी गावातच ठेवून घेतल्या. गावाने ठेवले तेही नेमके हातच!

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी काढली. कलकत्त्यास १८९७ साली लालबिहारी शहा ह्यांनी शाळा सुरू केली. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड ह्या अमेरिकन मिशनच्या बाईंनी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. त्यापाठोपाठ १९०२ साली मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली आणि डॉ. नीलकंठराय छत्रपती ह्या स्वतः अंध असलेल्या विद्वानाने तिचे काम पाहिले. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. ह्या कामाच्या आरंभी दोन परदेशी बायका होत्या, हे महिला मंडळाच्या स्मरणिकेत लिहिताना मला बरे वाटते.

पण एक घोटाळा झाला. जो तो आपापल्या परीने देशी भाषांना टिंबे बसवू लागला. नीलकंठरायांची पद्धत निराळी, लालबिहारी शहांची निराळी, मिशनऱ्यांची आणखी निराळी. एका शाळेतले मूल दुसरीकडे गेले की त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागे. छापखाना काढावा तर कोणत्या पद्धतीने छापावे हा प्रश्न. १९४१ साली सरकारने एक समिती नेमली. लढाईच्या काळात, १९४३ साली, डेहराडूनला दृष्टी गमावलेल्या हिंदी जवानांसाठी केंद्र निघाले. त्याचे प्रमुख क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे गृहस्थ होते. ते स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले. एकच पद्धत व्हावी म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली. स्वातंत्र्यानंतर आपल्या शिक्षण खात्यातील लाल अडवाणी ह्या अंध अधिकाऱ्यानेही ह्या कामी परिश्रम घेतले. शेवटी युनेस्कोने प्रश्न हाती घेतला, १९५१ च्या फेब्रुवारीत बैरूत येथे परिषद भरली, आणि त्याच वर्षी आपल्या सरकारने भारती ब्रेल स्वीकारली. डेहराडूनचा मध्यवर्ती ब्रेल छापखानाही १९५१ चाच. म्हणजे मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, सगळ्यांचा ‘क’ एकच. माणसांच्या लिप्या भांडत राहिल्या, पण अंधांची लिपी साऱ्या देशाची एक झाली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मला कधी वाचावयास मिळाली नव्हती.

मराठीत ती कशी बसली ते थोडक्यात सांगते. पुष्कळ अक्षरे उच्चारावरून लुईच्याच अक्षरांना जोडली आहेत. म्हणून क, ब, म, ल, स, र, न ही त्याच्या के, बी, एम, एल, एस, आर, एन ह्यांच्याच टिंबांची. जी त्याच्याकडे नव्हतीच, म्हणजे ख, घ, ठ, ढ, ळ वगैरे, त्यांना उरलेल्या आकृती दिल्या. काना, मात्रा, वेलांटी हे अक्षराच्या वर, खाली किंवा मागे न जाता सरळ पुढे येतात. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’. जोडाक्षराच्या आधी ४ क्रमांकाचे एकच टिंब देतात, ती पाय मोडल्याची खूण. रफार आपण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देतो, तेथे तो बोलण्याच्या क्रमानेच येतो. आपल्या ‘सायखेडा’ ह्या चार अक्षरी नावाला सात घरे लागतात: स, आ, य, ख, ए, ड, आ. पुतणीने हे नाव मला पहिल्यांदा टोचून दाखविले तेव्हा मी तो कागद देवघरात ठेवला होता.

लिहिण्याचे श्रम मात्र विचारू नका. पाटीवर कागद उलट्या बाजूने टोचावा लागतो. म्हणून उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे लिहितात, म्हणजे कागद उलटला की सुलटे वाचता येते. अमेरिकेतील पर्किन्स शाळेचे सहा कळांचे यंत्र १९५१ मध्ये निघाले, त्याने हा उलटा हिशेब वाचला. परंतु पुस्तकाच्या प्रती करावयाच्या तर माणसाने बसून एकेक पान काढणे आलेच. फ्रान्समध्ये १८८९ साली मोरिस द ला सिझरान ह्या अंध गृहस्थाने हाउईच्या नावाने संस्था काढली. तिचे ग्रंथालय स्वयंसेवकांनी हातांनी उतरवून भरले, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. घरचे काम आटोपल्यावर दुपारी टोचणी घेऊन बसणाऱ्या त्या बायकांचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे दुपारी पापड लाटावयास बसतात तशाच त्या बसत असतील.

हे हातांचे काम संगणकाने हाती घेतले ते अमेरिकेत, १९६० नंतरच्या दशकात. १९७५ साली तेथे डक्सबरी नावाची कंपनी निघाली. मजकुराचे ब्रेल करणारा तिचा प्रोग्राम आज पुष्कळ भाषांसाठी चालतो. आपल्याकडे खरगपूरच्या आय. आय. टी.मध्ये भारतीय भाषांसाठी ‘स्पर्श’ नावाचा प्रोग्राम तयार झाला. २००२ साली जॉन बॉयर ह्या अमेरिकन गृहस्थांनी ‘लिबलुई’ सुरू केला. बॉयर ह्यांना दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. त्यांनी लुई ब्रेलचे नाव आपल्या कामाला दिले आणि ते सर्वांना फुकट खुले ठेवले. २०२३ साली ते वारले. त्यांच्या प्रोग्रामच्या पोटात प्रत्येक भाषेचा एक तक्ता असतो. त्यात ओळीओळीने अक्षर आणि त्यापुढे टिंबांचे आकडे, उदाहरणार्थ ‘क’ आणि पुढे १३, म्हणजे पहिले आणि तिसरे टिंब. त्याखाली नियम. माझ्या थोरल्या मुलाने मला तो तक्ता उघडून दाखविला, तेव्हा किराणा मालाच्या यादीइतका तो साधा वाटला. मराठीचा तक्ता त्यात आहे आणि फ्रेंचचाही आहे.

फ्रेंच म्हणण्याचे कारण असे. पुतणीने अकरावीला फ्रेंच विषय घेतला. सायखेड्यात फ्रेंच बोलून काय करणार, असे घरात दोघातिघांनी विचारले. मी म्हटले, लुई ब्रेलची भाषा आहे, पोरीला शिकू द्या. तिच्या पुस्तकाचे ब्रेल एका ठिकाणी करून मिळाले. ते हातात येईपर्यंत सहामाही जवळ आली होती, आणि उघडून पाहते तो पहिल्या धड्यापासून काही लागेना. पोर रडकुंडीस आली. तिला वाटे, आपल्यालाच भाषा जमत नाही.

झाले होते ते असे. काम करणाऱ्याने संगणकाला भाषा इंग्रजी आहे असे सांगितले होते. इंग्रजी ब्रेलमध्ये जागा वाचविण्यासाठी पुष्कळ शब्दांना आणि अक्षरांच्या जोड्यांना एकेक खूण आहे. फ्रेंच शब्दांत तशा जोड्या दिसल्या की संगणकाने त्या इंग्रजी रीतीने आखडून टाकल्या. फ्रेंच अक्षरांवर ज्या तिरक्या रेघा असतात त्या गेल्या, काही ठिकाणी भलत्याच खुणा झाल्या. सहाही टिंबे उठली म्हणजे फ्रेंचमध्ये तिरकी रेघ दिलेला ‘ए’ होतो, इंग्रजीत त्याच आकृतीला ‘फॉर’ हा शब्द समजतात, आणि मराठीत तो आपला ‘ढ’ असतो. २, ३, ४, ६ ही टिंबे फ्रेंचमध्ये उलट्या रेघेचा ‘ए’, इंग्रजीत ‘द’ हा शब्द, मराठीत ‘ध’. आकडेही तसेच. आपण आकड्याच्या आधी जी खूण देतो ती मराठीत ‘ण’ सुद्धा आहे. फ्रेंच लोक अलीकडे आकड्यांना सहावे टिंब जोडून लिहितात, त्या पद्धतीला आंत्वान ह्या गणितज्ञाचे नाव आहे, आणि तोही पहिल्या महायुद्धात अंध झालेला. तात्पर्य, टिंबे सर्व जगात तीच, पण भाषा कोणती हे आधी सांगितले नाही तर संगणक तितक्याच तत्परतेने चुकीचे छापतो.

कोणी म्हणेल, आता मोबाईल सगळे मोठ्याने वाचून दाखवतो, मग टिंबे कशाला? मलाही आधी तसेच वाटत असे. पुतणीने समजावून सांगितले, “काकू, फ्रेंचमध्ये ‘ऊ’ म्हणजे ‘किंवा’, आणि ‘ऊ’ म्हणजेच ‘कोठे’. उच्चार एकच. दुसऱ्यावर एक बारीक रेघ असते. ती मी कानाने कशी ऐकू?” परीक्षेत त्या रेघेचे गुण जातात. आणि ऐकणाऱ्या मुलाला मराठीतली ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीही बोटाखाली आल्यावाचून पक्की होत नाही. बार्बिएच्या उच्चारांच्या खुणा सोडून लुईने शुद्धलेखन का धरले, ते मला ह्या प्रसंगाने उमगले.

मग मुलाने तो फुकटचा प्रोग्राम घेतला. पुस्तकाची पाने चित्रासारखी काढलेली होती. चित्रातले अक्षर ह्या प्रोग्रामला वाचता येत नाही, म्हणून मजकूर अक्षरांत आणणे भाग पडले. पुतणीच्या मैत्रिणीने रोज चार पाने टंकून दिली, रेघांसकट. भाषेच्या यादीत फ्रेंच निवडले. नाशिकला एका संस्थेत टिंबे उठविण्याचे यंत्र आहे. ते चालू असताना असा खडखडाट होतो की शेजारी बोलता येत नाही. एका छापील पानाची दोन-तीन जाड पाने होतात. मी ती क्रमाने लावून शिवली, पुतणीने बोटाने तपासली. सहामाही तशीच गेली, वार्षिक परीक्षेच्या आधी सगळे धडे हाती आले.

मराठी मजकुराचीही एक गोम ह्या निमित्ताने कळली. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आपल्याला कागदावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो इंग्रजी अक्षरांचाच असतो, आणि ‘कि’ची वेलांटी त्यात ‘क’च्या आधी बसलेली असते. त्याचे ब्रेल केले तर वाचणाराला अर्थ लागत नाही. युनिकोडमध्ये टंकलेले असले म्हणजे वेलांटी बोलण्याच्या क्रमाने ‘क’च्या नंतर असते आणि काम सरळ होते. युनिकोडने १९९९ साली ब्रेलच्या टिंबांनाही स्वतंत्र जागा दिली आहे.

कायद्याची अडचणही मोठी होती. पुस्तकाचे ब्रेल करावयाचे तर हक्कदाराची परवानगी लागत असे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अंधांसाठी ही मोकळीक मिळाली. २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे ह्याविषयी जागतिक करार झाला, आणि २०१४ साली तो सर्वांआधी मंजूर करणारा देश आपला भारत. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचे संगणकावरचे ग्रंथालयही आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर स्वागत थोरात ह्यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. राजकारण, आरोग्य, गाणे, पाककृती असे सगळे त्यात येई. पुतणीला मिळालेला एक अंक तिने मला मोठ्याने वाचून दाखविला आहे. मी भाजी निवडत होते आणि दिवे गेलेले होते. तिच्या वाचण्यात काही खंड पडला नाही.

ह्या स्मरणिकेचा मजकूर ज्यांनी टंकला त्यांच्याकडे मी चौकशी केली. निम्मे लेख युनिकोडमध्ये आहेत, निम्मे जुन्या फॉन्टमध्ये. ते निम्मे पुन्हा टंकावयास दोन आठवडे लागतील असे ते म्हणाले. चिटणीसबाईंनी त्याची मजुरी मंडळाच्या शिलकेतून देण्याचे कबूल केले आहे. पाने शिवण्याचे काम माझ्याकडे आहे. ज्या भगिनींना दुपारी तासभर मोकळा असेल त्यांनी दाभण घेऊन आमच्याकडे यावे, कागद जाड आहे, साध्या सुईने तो शिवला जात नाही.